मालिकेतली आई आणि प्रवचनातली आई



काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामात सायंकाळी साडेसातच्या सुमारास कुटुंबभेटीला जाणे म्हणजे यजमानांची पंचाईत करण्यासारखे होते. दारात धर्मगुरू उभे आणि आत दूरचित्रवाणीवर मालिका ऐन रंगात आलेली. मग रिमोट शोधण्याची धांदल उडे. आवाज बंद होई, चित्र मात्र चालूच राही. "बसा ना, फादर," असे म्हणणाऱ्या गृहिणीचा एक डोळा आमच्याकडे आणि दुसरा पडद्याकडे! घरातील रोझरी सात वाजता म्हणायची की आठ वाजता, हे मालिकेच्या वेळेवर ठरू लागले आहे, अशी तक्रार आम्हीही प्रवचनातून अनेकदा केली आहे. आज मात्र लेखणी हाती घेतली आहे ती तक्रारीसाठी नव्हे. ज्या मालिकेसाठी रोझरी अर्धा तास पुढे ढकलली जात होती, तिने आम्हांलाच एक प्रश्न विचारला आणि त्याचे उत्तर देणे आम्हांला जड गेले, म्हणून हा लेखनप्रपंच.

ती मालिका म्हणजे स्टार प्रवाह वाहिनीवरील 'आई कुठे काय करते!'. 23 डिसेंबर 2019 रोजी ती सुरू झाली आणि 30 नोव्हेंबर 2024 रोजी तिने निरोप घेतला. मूळ कथा बंगाली. 'श्रीमोयी' या नावाने ती 2019 मध्येच कोलकात्यातील वाहिनीवर आली होती, तर 2020 च्या जुलैपासून 'अनुपमा' या नावाने तिने हिंदीत प्रवेश केला. मराठीत मधुराणी प्रभुलकर यांनी साकारलेली अरुंधती ही नवरा, तीन मुले आणि सासू-सासरे यांच्याभोवती आयुष्याची पंचवीस वर्षे वेचलेली गृहिणी आहे. घरातील प्रत्येकाची आवडनिवड तिला पाठ, पण तिला स्वतःला काय आवडते हे कोणालाही ठाऊक नाही. तिच्या गळ्यात गाणे आहे, याचा तर साऱ्यांनाच विसर पडलेला. लग्नाला पंचवीस वर्षे होतात त्याच सुमारास पती अनिरुद्ध याचे कार्यालयातील सहकारी संजना हिच्याशी असलेले संबंध तिच्यासमोर उघड होतात. पुढे ती घटस्फोट घेते, कमावती होते आणि कालांतराने दुसरा विवाहही करते.

मालिकेचे नाव म्हणजे खरे तर घराघरांत सहज उच्चारले जाणारे वाक्य. मुले ते बोलतात, नवरे बोलतात आणि 'तुम्ही काय करता?' असे विचारले की 'काही नाही, घरीच असते' या शब्दांत स्त्रियाही तेच बोलतात. आमच्या कार्यालयातील कुटुंबनोंदणीची जुनी पाने आम्ही मुद्दाम चाळून पाहिली. पतीच्या नावापुढे 'शेती', 'रेल्वे', 'बँक' असे लिहिलेले. पत्नीच्या नावापुढे एक आडवी रेघ. ती रेघ ओढणारा हात आमच्यासारख्याच एखाद्या धर्मगुरूचा होता.

ज्या वर्षी ही मालिका सुरू झाली, त्याच 2019 साली केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. विनावेतन घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी 299 मिनिटे देतात, म्हणजे सुमारे पाच तास. हे काम करणाऱ्या पुरुषांची सरासरी 97 मिनिटे भरली. शिवाय असे काम दिवसभरात मुळी करणारे पुरुषच शंभरातून जेमतेम 26 आणि स्त्रिया 81. मुलांचे, वृद्धांचे, आजाऱ्यांचे संगोपन यात धरलेले नाही. त्याचा हिशेब निराळा. नोंदवहीतली आडवी रेघ ती ही!

दूरचित्रवाणीने स्त्रीच्या पारंपरिक भूमिकेबद्दल प्रश्न विचारण्याची ही काही पहिली वेळ नव्हे. 7 जुलै 1984 रोजी दूरदर्शनवर 'हम लोग' सुरू झाली. मनोहर श्याम जोशी यांनी लिहिलेल्या या मालिकेचे 156 भाग झाले. तिच्यामागे मेक्सिकोचे दिग्दर्शक मिगेल साबिडो यांची पद्धत होती. मालिकेत काही पात्रे अनुकरणीय ठेवायची, काही टाकाऊ ठेवायची आणि काही या दोहोंच्या मध्ये चाचपडत हळूहळू बदलणारी ठेवायची. प्रेक्षक त्या चाचपडणाऱ्यांबरोबर स्वतः बदलतो, अशी ती कल्पना. आरंभीच्या भागांत कुटुंबनियोजनाचा उपदेश इतका उघड होता की प्रेक्षक कंटाळले आणि निर्मात्यांना तो सौम्य करावा लागला. (प्रवचनकारांनी याची नोंद घ्यावी, आमच्यासह.) प्रत्येक भागाच्या शेवटी अशोक कुमार येऊन दोन शब्द बोलत, त्यांना प्रेक्षकांची चार लाखांहून अधिक पत्रे आली.

त्या मालिकेतील भागवंती ही आई आम्हांला फार महत्त्वाची वाटते. नवरा मद्यपी, घरात टोमणे आणि ही सारे मुकाट्याने सोसणारी. 'असे सोसू नये' हे प्रेक्षकांना कळावे म्हणून हे पात्र घडवले होते. अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स या अभ्यासकांनी प्रेक्षकांशी बोलून पाहिले, तेव्हा निराळेच निघाले. पुष्कळ प्रेक्षकांना, त्यांत स्त्रियाही आल्या, भागवंतीच आदर्श वाटली होती! जे टाळावे म्हणून दाखवले, तेच अनेकांनी पूज्य मानले. असे का झाले असावे? आमचे मत स्पष्ट आहे. सोसणाऱ्या बाईभोवती तेजोवलय रेखाटण्याचे काम मालिका येण्याच्या कितीतरी आधी लोककथांनी, ओव्यांनी, चित्रपटांनी आणि, नाकारण्यात अर्थ नाही, आमच्या प्रवचनांनीही करून ठेवले होते.

त्यानंतर 1985 मध्ये बासू चटर्जी यांची 'रजनी' आली. प्रिया तेंडुलकर यांची ती गृहिणी गॅस सिलिंडरवाल्यापासून टॅक्सीवाल्यापर्यंत सर्वांना जाब विचारी. 1989 मध्ये 'उडान' आली. कविता चौधरी यांनी आपल्या पोलीस अधिकारी भगिनी कांचन चौधरी भट्टाचार्य यांच्या जीवनावरून ती लिहिली, दिग्दर्शित केली आणि त्यात प्रमुख भूमिकाही केली. या भगिनी पुढे 2004 मध्ये उत्तराखंडच्या पोलीस महासंचालक झाल्या. भारतातील कोणत्याही राज्यात त्या पदावर पोहोचलेल्या त्या पहिल्या महिला. मराठीत सह्याद्रीवरच्या 'दामिनी'ची नायिका पत्रकार होती, तर 1999 साली आलेल्या 'आभाळमाया'तील सुधा जोशी ही प्राध्यापिका, पतीच्या प्रतारणेनंतरही ताठ मानेने उभी राहणारी.

आणि मग 2000 साली सासू-सुनांच्या मालिकांचे युग अवतरले. दागदागिने, भरजरी साड्या, कटकारस्थाने! आमच्यासारख्या संपादकांनी त्यांच्यावर टीकेची झोड उठवली होती. त्या टीकेतील एकही शब्द मागे घ्यावा असे आम्हांला वाटत नसे, परंतु 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने आम्हांला थोडे थबकायला लावले. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या अर्थशास्त्रज्ञांनी 2001 ते 2003 या काळात बिहार, गोवा, हरियाणा व तामिळनाडू या राज्यांतील आणि दिल्लीतील कुटुंबांची पुन:पुन्हा पाहणी केली. ज्या खेड्यांत या काळात केबल नव्याने पोहोचली, तेथील स्त्रियांमध्ये 'नवऱ्याने मारणे योग्य आहे' असे म्हणणाऱ्यांचे प्रमाण घटले, मुलगाच हवा हा हट्ट कमी झाला आणि स्वतःचे निर्णय स्वतः घेण्याची मोकळीक वाढली. स्त्रियांची केवळ बोलण्याची रीत बदलली की वागणेही बदलले, हे नुसत्या उत्तरांवरून सांगणे कठीण, असे लेखकांनी प्रामाणिकपणे म्हटले आहे. तरीही 'नवऱ्याने मारले तर चालते' असे म्हणायला जीभ अडखळू लागली, हे काय थोडे झाले? आम्ही ज्या मालिकांना नावे ठेवत होतो, त्या त्या वेळी देशात सर्वाधिक पाहिल्या जाणाऱ्या मालिकांपैकी होत्या. त्यांतील बायका कारस्थानी असतील, पण त्या घराबाहेर पडत होत्या, वाहन चालवीत होत्या, नवऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलत होत्या. दूरच्या गावातील बाईने कदाचित कारस्थान सोडून दिले आणि तेवढेच उचलले.

आता आम्ही आमच्या स्वतःच्या गोष्टीकडे वळतो. फार वर्षांपूर्वी एका धर्मग्रामात कुटुंबभेटी देताना एका भगिनीने आम्हांला ओसरीवर थांबवले. (हे प्रायश्चित्त संस्कारातील बोलणे नव्हे, तसे असते तर येथे त्याचा उच्चारही केला नसता.) पती दारू पीत नव्हता, मारत नव्हता, परंतु त्याचे दुसरीकडे बिऱ्हाड होते आणि साऱ्या गावाला ते माहीत होते. "फादर, मी काय करू?" असे तिने विचारले. आम्ही म्हणालो, "प्रार्थना करा. धीर धरा. मुलांकडे पाहा." ती म्हणाली, "मुलांकडे पाहूनच सतरा वर्षं काढली, फादर." आम्ही आशीर्वाद दिला आणि पुढच्या घरी गेलो.

बहिणीच्या घरी सुट्टीत असताना अरुंधतीची कहाणी पाहण्यात आली, तेव्हा ही ओसरी आठवली. आम्ही त्या भगिनीला जे सांगितले, ते ख्रिस्तसभेची शिकवण म्हणून सांगितले होते. ती शिकवण अर्धीच होती.

उरलेली अर्धी येथे लिहितो. विवाह हा अतूट आहे, ही ख्रिस्तसभेची श्रद्धा आहे आणि वैध विवाहातील जोडीदार हयात असताना दुसरा विवाह ख्रिस्तसभा मान्य करत नाही. अरुंधतीच्या दुसऱ्या विवाहापाशी मालिकेची आणि आमची वाट वेगळी होते, हे सांगायला आम्हांला संकोच नाही. पण वेगळे राहणे निराळे आणि विवाहबंधन तुटणे निराळे. 1983 च्या कॅनन कायद्यातील 1152 वे कलम क्षमेची मनापासून शिफारस करते, तथापि जोडीदाराने व्यभिचार केला असेल आणि त्याला क्षमा केलेली नसेल, तर सहजीवन थांबवण्याचा हक्कही निरपराध पती वा पत्नीला देते. 1153 वे कलम शरीराला वा मनाला गंभीर धोका असल्यास वेगळे होण्यास न्याय्य कारण मानते. मन हा शब्द तेथे स्पष्टपणे आहे. 2016 च्या 'आमोरिस लेतित्सिया' या प्रेषितीय पत्रात दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी तर काही प्रसंगी वेगळे होणे नैतिकदृष्ट्या आवश्यकही ठरते, असे म्हटले आहे (परिच्छेद 241). हे सारे सेमिनरीत आम्ही परीक्षेपुरते शिकलो होतो. त्या ओसरीवर ते आम्हांला का आठवले नाही, हा प्रश्न आहे.

नागरी कायद्याची गोष्ट आणखी बोलकी आहे. 1869 च्या भारतीय घटस्फोट कायद्यानुसार ख्रिस्ती पतीला पत्नीचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे होई. ख्रिस्ती पत्नीला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रौर्य, परित्याग असे आणखी काही सिद्ध करावे लागे. एकच पाप, पण पुरुषाने केले तर अपुरे! हा भेद 2001 च्या दुरुस्तीने दूर झाला, म्हणजे तब्बल 132 वर्षांनी. आमच्या ओसरीवरची ती भगिनी या जुन्या कायद्याच्या काळातील.

मालिकेचे सारेच आम्हांला पटले, असे मात्र कोणी समजू नये. गृहिणीची थोरवी दाखवताना खलनायिका म्हणून उभी केली कोण? तर नोकरी करणारी, छान राहणारी संजना. आमच्या वसईत पहाटेच्या गाडीने भाजी-फुले घेऊन मुंबई गाठणाऱ्या आज्यांपासून आजच्या परिचारिका, शिक्षिका, बँक कर्मचारी भगिनींपर्यंत कमावत्या स्त्रियांची परंपरा आहे. त्यांच्या घरात त्यांच्यामुळे काही बिघडले नाही, उलट घर उभे राहिले. कमावती बाई म्हणजे घर मोडणारी, हे समीकरण आम्हांला मान्य नाही. दुसरे असे की, घटस्फोटानंतरही अरुंधती जुन्या घराचे गाडे ओढतच राहिली. भाग लांबवायचे असले की लेखकाला त्यागाचाच आधार घ्यावा लागतो, असे दिसते. भागवंती अजून पुरती गेलेली नाही.

त्या मानाने 2019 मध्येच झी मराठीवर सुरू झालेली 'अग्गंबाई सासूबाई' अधिक मोकळी होती. निवेदिता सराफ यांची आसावरी ही विधवा सासू, आणि तिचा पुनर्विवाह जुळवते कोण, तर तिची सून! सासू-सुनेच्या वैरावर वीस वर्षे पोसलेल्या छोट्या पडद्यावर हे घडले, याचे आम्हांला मोठे कौतुक वाटते. शिवाय वर अभिजित राजे हे व्यवसायाने शेफ. जिने आयुष्यभर इतरांना रांधून वाढले, तिला कोणीतरी करून वाढतो आहे, असे ते दृश्य. येथे तर ख्रिस्तसभेची अडचणही नाही. पती निवर्तल्यावर स्त्री मोकळी आहे, हे संत पौलाने रोमकरांस आणि करिंथकरांस लिहिलेल्या पत्रांत स्वच्छ सांगितले आहे. तरीही आमच्या गावांत पन्नाशीच्या विधुराला स्थळे सुचवली जातात आणि पन्नाशीच्या विधवेला जपमाळ. हे पौलाने शिकवलेले नाही. ते आपले आपणच शिकलो.

पवित्र शास्त्राकडे या दृष्टीने पाहिले की आपण काय काय वगळून वाचतो ते ध्यानी येते. लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात तीन दाखले ओळीने आहेत. हरवलेले मेंढरू शोधणारा मेंढपाळ, हरवलेले नाणे शोधणारी बाई आणि हरवलेल्या मुलाची वाट पाहणारा पिता. मेंढपाळाची चित्रे आपल्या घरांत आहेत, उधळ्या पुत्रावर प्रत्येक उपवासकाळात प्रवचने होतात. मधली बाई मात्र दिवा लावून, केरसुणी घेऊन घर झाडत उभी आहे आणि तिच्याकडे कोणाचे लक्ष नाही. प्रभू येशूने देवाची तुलना जशी मेंढपाळाशी व पित्याशी केली, तशीच या घर झाडणाऱ्या बाईशीही केली. तीस वर्षांच्या धर्मगुरुपदात तिच्यावर स्वतंत्र प्रवचन आम्ही एकदाही केलेले नाही. पुनरुत्थानानंतर तिबिर्याच्या किनाऱ्यावर शिष्यांसाठी निखाऱ्यांवर मासे आणि भाकर तयार ठेवणारा प्रभू स्वतःच होता, तेव्हा चुलीपाशी जाण्याने पुरुषपण उणावते असे मानणाऱ्यांनी योहानाचा एकविसावा अध्याय अवश्य वाचावा. पतीने घरकामाचा किंवा मुलांच्या संगोपनाचा भार उचलल्याने त्याच्या पौरुषाला बाधा येत नाही, हे 'आमोरिस लेतित्सिया'च्या 286 व्या परिच्छेदातही आले आहे.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी 1996 च्या जागतिक संपर्क माध्यम दिनाचा विषयच समाजातील स्त्रीच्या भूमिकेला माध्यमांनी चालना द्यावी, असा निवडला होता. त्याच्या आदल्या वर्षी, 29 जून 1995 रोजी, त्यांनी जगातील स्त्रियांना उद्देशून पत्र लिहिले. त्यात माता, पत्नी, कन्या, नोकरी करणाऱ्या स्त्रिया या सर्वांचे आभार मानले होते आणि ख्रिस्तसभेच्या काही लेकरांच्या हातून स्त्रियांवर झालेल्या अन्यायाबद्दल खेदही व्यक्त केला होता. भारतीय बिशपांनी 2008 साली जमशेदपूर येथील परिषदेत स्त्रियांच्या सक्षमीकरणाचा विचार केला आणि 2010 मध्ये स्त्री-पुरुष समानतेचे धोरण जाहीर केले. कागद आहेत, आणि चांगले आहेत. पण कागद कपाटात आणि मालिका दिवाणखान्यात, हा फरक राहतोच.

धर्मगुरूंच्या निवासाची गोष्टही येथेच सांगून टाकतो. आम्ही लग्न करत नाही, म्हणून घरकामाचा प्रश्न आमचा नव्हे, असा आमचा एक गोड समज असतो. आमचा स्वयंपाक एक भगिनी करते. तिच्या घरी दोन मुले आहेत. ती आमच्या जेवणानंतर भांडी आवरून किती वाजता घरी पोहोचते, हे आम्ही या लेखाच्या निमित्ताने प्रथमच विचारले. साडेनऊ! तिला मालिका कधी पाहायलाच मिळाली नाही. आता रात्रीचे ताट आम्हीच वाढून घेतो आणि भांडीही घासतो. फार मोठे काही केले असे नव्हे. ती साडेसातला घरी जाते, इतकेच.

विवाहपूर्व प्रशिक्षण शिबिरातही आम्ही एक लहानसा बदल केला आहे. पूर्वी पती-पत्नीची कर्तव्ये असे दोन स्तंभ फळ्यावर लिहून देत असू. आता प्रत्येक वधूला आणि वराला एक कोरा कागद देतो आणि आपल्या आईचा एक साधा दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत तासातासाने लिहा, असे सांगतो. मुली पान भरून मागच्या बाजूला वळतात. मुलगे सकाळचा चहा आणि डबा येथवर झपाट्याने लिहितात आणि मग दुपारपाशी लेखणी थांबते. मागच्या शिबिरात एकाने हात वर करून विचारले, "फादर, घरी फोन करून आईला विचारलं तर चालेल का?" आम्ही पंधरा मिनिटे दिली. तो बाहेर व्हरांड्यात गेला आणि पाऊण तासाने परत आला.